पांढरकवडा ते कागबेनी

आपली गाडी घेऊन नेपाळात जाता येतं, हे आमच्या पांढरकवड्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. सीमेवर गाडीसाठी 'भन्सार' नावाचा परवाना काढायचा आणि पुढे निघायचं. परत आल्यापासून शेजारपाजारचे हेच विचारतात: कोणी अडवलं का, तिकडे डिझेल मिळतं का, पोटाला काय खाल्लं. आणि मग जरा आवाज खाली करून विचारतात, गाडी खरंच तुम्ही चालवली का?

हो, मीच चालवली. त्याचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

माझे यजमान मधुकरराव वनखात्यात तीस वर्षं जीपचे ड्रायव्हर होते. टिपेश्वरच्या जंगलातली आणि झरी जामणीकडची प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची, म्हणजे चाकाखालची. मी त्याच भागात एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, शाळेत शिक्षिका होते. दोन वर्षांपूर्वी ते बहिणीला भेटायला पुसदला गेले आणि येताना उमरखेडच्या पुढे, म्हणजे घराच्या उलट्या दिशेला, कुठून तरी त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "वंदना, घराकडचा रस्ता कोणता ते सांग जरा." मला वाटलं गंमत करतात. ते गंमत करत नव्हते.

नागपूरच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आजचा वार विचारला. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, किती वेगानं ते सांगता येत नाही, असं म्हणाले. आणि स्टिअरिंगला आजपासून हात लावायचा नाही, असंही. मधुकररावांनी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "मंग तू शीक," म्हणाले. त्या दिवशी आम्ही गाडी तिथंच ठेवली आणि बसनं घरी आलो.

मी त्रेपन्न वर्षांची होते. गावाबाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगचं मोकळं आवार आहे, तिथं त्यांनी मला तीन महिने शिकवलं. कधी ओरडले नाहीत. क्लच सोडताना गाडी धक्के खायची, तेव्हा म्हणायचे, "झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात कसा काढतेस, तसा सोड." सकाळचं जेवण विसरणारा माणूस मला गिअर शिकवताना एकदाही चुकला नाही.

नेपाळचं वेड त्यांचं जुनं होतं. टीव्हीवर त्यांनी कधीतरी एक रस्ता पाहिला होता, दोन उंच डोंगरांच्या मधून, नदीच्या पात्रातून जाणारा. त्या रस्त्यानं मुक्तिनाथाला जातात. निवृत्त झालो की तिथं गाडी घालायची, असं ते म्हणत. "आयुष्यभर साहेब म्हणन तिथं थांबलो. एकडाव आपुन म्हणू तिथं थांबू." आमची मुलगी शीतल नागपूरला असते. बाबांना अशा आजारात इतक्या लांब नेऊ नकोस म्हणून तिनं फोनवर बरंच सुनावलं. मग मी डॉक्टरांना विचारलं. ते थोडा वेळ कागद चाळत राहिले आणि म्हणाले, जायचं असेल तर लवकर जा.

दिवाळी आटोपली, शेत बटईनं दिलेलं होतं तिथं कापसाची वेचणी लागली, आणि आम्ही निघालो.

सुनौली

जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर असे तीन दिवस गेले. त्यांत सांगण्यासारखं फार नाही. मी ताशी साठच्या वर गेले नाही आणि मागून येणारा प्रत्येक ट्रक माझ्यावर हॉर्न मारून गेला.

सुनौलीच्या नाक्यावर भन्सारच्या खिडकीत माणसानं विचारलं, "ड्रायव्हर कौन?" मी पर्समधून लायसन काढेपर्यंत मधुकरराव पुढे झाले आणि त्यांनी आपलं लायसन काचेखालून आत सरकवलं. मुदत संपलेलं होतं ते. मी पाठीमागून म्हणाले, "ड्रायव्हर मैं हूँ, साहब." त्या माणसानं लायसन उलटसुलट करून परत दिलं आणि माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. मधुकररावांनी लायसन शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून दोनदा थोपटलं. कमानीखालून गाडी नेपाळात शिरली तेव्हा ते दुसऱ्या बाजूला पाहत होते. या क्षणाची आम्ही किती वर्षं वाट पाहिली होती.

तानसेन

बुटवलला पहिल्यांदा तिकडचं दाळभात खाल्लं. पितळी ताटात मधोमध भाताचा ढीग, भोवती वाट्या: काळ्या उडदाची दाळ, मोहरीची भाजी, मुळ्याचं लोणचं. ताट रिकामं होऊ देत नाहीत. वाढणारी बाई विचारतही नाही, भात घालून पुढे जाते. आपल्याकडे पंगतीत आग्रह बोलून करतात, तिथं न बोलता करतात. फोडणीला आपला तडका नाही म्हणून मी डब्यातला ठेचा काढला. तो चाखून त्या बाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि आतल्या बायकांना बोलावून आणलं. आम्ही सगळ्या हसलो. मधुकररावही हसले.

बुटवल सोडलं की लगेच घाट. डावीकडे कडा, उजवीकडे खोल नदी, आणि कड्यावरून कधीमधी दगड येतात म्हणून जागोजागी पाट्या. आमच्याकडचे घाट म्हणजे सागाच्या जंगलातले चार वळसे. इथं वळण संपतच नव्हतं. माझे हात घामानं स्टिअरिंगवर घसरत होते.

"वर नोको पाहू," ते म्हणाले. "दगड याचाच असन तर पाहून थांबत नाही. दुसऱ्यात टाक. हा. आता समोरच्याले जागा दे."

तानसेन हे डोंगराच्या अंगावर चढलेलं गाव. सकाळी उठून आम्ही वरच्या टेकडीवर चालत गेलो. खालचं सगळं खोरं धुक्यानं भरलेलं होतं, पांढरं, सपाट, जणू कोणी सरकी काढून पिंजलेला कापूस पसरला असावा. मधुकरराव खूप वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "इकळे वेचणी झाली नाही वाटते अजून." चेष्टा केली की खरंच तसं वाटलं, हे मला कळलं नाही. पूर्वी कळत असे. मी नुसतं हो म्हणाले.

पोखरा

पोखऱ्यात आम्ही दोन दिवस राहिलो. फेवा तळ्यात नाव वल्हवली, मधल्या बेटावरच्या देवळात गेलो, आणि आकाशात रंगीत छत्र्यांना लटकलेली माणसं पाहिली. डोंगरावरून धावत सुटायचं आणि पाठीमागे बांधलेला उडवणारा माणूस तुम्हाला तळ्यावरून फिरवून खाली आणतो. मधुकररावांनी मान वर केली ती खाली घेईनात.

"आपल्याले उडता येईन का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण या प्रवासात त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

उडवणाऱ्यांच्या कचेरीत एक कागद भरून द्यायचा होता. नाव, वय, वजन. खाली विचारलं होतं की काही आजार आहे का, काही औषधं चालू आहेत का. मी शाळेत तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. त्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं आणि त्यांना सही करायला बोट ठेवून दाखवलं.

ते जीपनं वर गेले आणि मी तळ्याकाठच्या मैदानात थांबले. वर पंधरा-वीस छत्र्या फिरत होत्या. त्यांतली त्यांची कोणती, ते ओळखता येत नव्हतं. मला एकसारखं वाटत होतं, वर गेल्यावर ते विसरले तर? आपण कुठे आहोत, पाठीमागे कोण बांधलंय, पायाखाली जमीन का नाही, हे एकदम कळेनासं झालं तर माणूस काय करील? अर्धा तास मी त्या कागदावरच्या माझ्याच अक्षराकडे पाहत असल्यासारखी बसून होते.

ते उतरले तेव्हा गवतावर बसकण मारली आणि तसेच बसून राहिले. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, वाऱ्यानं असेल. माझा हात धरून म्हणाले, "वंदना, गिधाडं होती वरती. बाजूनं गेली. एवढी जवळ. पंखं हलवत नाहीत तं. मी त्याइच्या डोळ्यात पाह्यलं." आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यांना इतकं भराभर बोलताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय. दुपारभर तेच सांगत होते. उडवणारा पोखऱ्याचाच होता, त्याचा काका कधीकाळी नागपूरला चौकीदार होता, तेही सांगितलं.

संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी जेवायला बसलो. शेवटच्या दोन छत्र्या उतरत होत्या. मधुकररावांनी घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"वंदना, ते पाह्य. उद्या आपुन उडू का तसं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नुसती उत्सुकता होती, दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, "उडू." पाच मिनिटांनी ते विचारलेलंही विसरले. मी ताट तसंच ठेवून हात धुवायला उठले आणि मोरीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले. लोक म्हणतात, निदान तुम्ही त्यांना आनंद तरी दिलात. दिला खरा. पण तो आता फक्त माझ्यापाशी उरलाय, आणि उडाले तर ते होते.

कालीगंडकी

बेनी सोडलं की डांबर संपतं. मग कालीगंडकी नदीच्या काठानं, कधी कड्यात कोरलेल्या तर कधी पात्रातल्या गोट्यांवरच्या वाटेनं दोन दिवस वर जायचं. नदी काळी, राखुंडीच्या पाण्यासारखी. तातोपानीला गरम झऱ्याच्या कुंडात आम्ही पाय सोडून बसलो, शेजारी गावच्या म्हाताऱ्या गुडघे शेकत होत्या. माझे हात खांद्यापासून दुखत होते.

त्याच्या पुढे एक धबधबा रस्त्याच्या कडेलाच पडतो आणि त्याचा एक ओहोळ रस्त्यावरून वाहतो. पुढची बस पार झाली म्हणून मीही गाडी घातली. मधोमध पुढचं चाक दोन दगडांमध्ये बसलं आणि गाडी थांबली. पाणी दाराच्या पट्टीपर्यंत. उजवीकडे सात-आठ हातांवर रस्ता संपत होता आणि पाणी तिथून खाली पडत होतं. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी फिरलं.

"सोड," मधुकरराव म्हणाले. "पाय काढ. काहीच नोको करू."

त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या बर्फासारख्या पाण्यात उतरले. वाकून चाकाखाली हात घातला, एक दगड काढून फेकला, दुसरा चपटा शोधून चाकामागे बसवला. मग समोर जाऊन उभे राहिले, दरीच्या बाजूला, आणि दोन्ही हात वर केले.

"मायाकडे पाह्य. फक्त मायाकडे. आधी मागं घे, एक वीत. बस. आता पहिला गिअर, आणि हात ढिले सोड, गाडीले कळते कुठी जाचं ते."

मी त्यांच्या बोटांकडे पाहत गाडी बाहेर काढली. मागे थांबलेल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून त्यांना दाद दिली. ते आत येऊन बसले, पाय निळे पडले होते. मी माझ्या शालीनं पुसले. तो माणूस त्या वेळी पूर्ण होता. काहीही कमी नव्हतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी माझ्याकडून चूक झाली.

मार्फा हे सफरचंदांचं गाव ओलांडलं, तशी झाडं विरळ होत गेली. डोंगर उघडे, पिवळे, आणि त्यांच्यामागे बर्फाचे. सकाळी अकरानंतर खालून वारा सुटतो तो इतका, की गाडीचं दार उघडलं तर हातातून सुटतं. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा येतो तो भाजतो, हा कानात शिरून डोकं बधिर करतो. जोमसोमच्या पुढे नदीचं पात्र अर्धा कोस रुंद आणि सपाट आहे. टीव्हीवरचा तो रस्ता हाच. मधुकररावांनी ओळखला.

"इथं थांब," म्हणाले.

आम्ही उतरलो. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नव्हतं. ते गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि हात पुढे केला. चारी बाजूंना नुसते गोटे, ना कडा, ना माणूस, ना जनावर. मी किल्ली दिली.

दहा मिनिटं चालवली असेल त्यांनी. गोट्यांतून गाडी अशी नेली की मला आत धक्का जाणवला नाही. चेहरा पाहून मला आमचं लग्न झालं तेव्हाचे ते आठवले. परत वाटेला लागण्याआधी त्यांनी आपणहून जागा बदलली. संध्याकाळी कागबेनीच्या लॉजमध्ये पोचल्यावर गाडी भिंतीला नीट लावतो म्हणाले, ती लावली आणि किल्ली खिशात टाकली. रोज ती माझ्या उशाखाली असायची. मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, आज राहू दे त्यांच्यापाशी.

कागबेनी

सकाळी मी आंघोळीहून आले तर खोलीत कोणी नव्हतं. मला वाटलं चहाला खाली गेले असतील. खाली लॉजची मालकीण चूल पेटवत होती. तिला सगळे दिदी म्हणत, मीही म्हणू लागले होते, आणि ती मधुकररावांना दाजू, म्हणजे दादा, म्हणे. ती म्हणाली, "दाजू तो गाडी लेके गया. आपको नहीं बोला?"

बाहेर भिंतीपाशी गाडीच्या जागी तेलाचा एक डाग होता.

दोन रस्ते फुटतात तिथून. एक वर मुक्तिनाथाला, एक खाली जोमसोमला. मधुकररावांचा फोन उशाशीच पडलेला होता. मी दिदीला सगळं सांगितलं, आजार, डॉक्टर, काल मी दिलेली किल्ली, सगळं. माझ्या पोटच्या पोरीशी जे धड बोलू शकले नव्हते, ते या बाईला चुलीपुढे उभं राहून सांगितलं. तिनं मला बोल लावला नाही. फोन उचलला आणि वरच्या एका, खालच्या चार गावांत ओळखीच्या माणसांना फोन केले. पांढरी जीप, महाराष्ट्राची पाटी, पिकलेल्या केसांचा माणूस. वरून 'नाही' असं उत्तर आलं. जोमसोमच्या पुलापाशी एका दुकानदारानं नुकतीच पाहिली होती. खाली जात होती.

दिदीच्या भावानं मला आपल्या गाडीत बसवलं. त्याला हिंदी कमी यायचं. मी खिडकीतून दरीत पाहत होते. आदल्या दिवशी ज्या वाटेचं मी कौतुक केलं होतं, तिच्या प्रत्येक वळणाखाली आता मी काहीतरी पांढरं शोधत होते, आणि सापडू नये म्हणत होते. मार्फाच्या अलीकडे खाली नदीत पांढरं काहीतरी आडवं दिसलं. मी भावाचा दंड धरला. त्यानं गाडी थांबवली, उतरून पाहिलं, आणि मान हलवली. दगड होता. रस्त्याच्या कडेला बसून मी पहिल्यांदा शीतलचं म्हणणं बरोबर होतं असं मोठ्यानं बोलले. त्याला ते कळलं नाही, त्यानं पाण्याची बाटली दिली.

आमची जीप टुकुचे नावाच्या गावात, एका घरासमोर उभी होती. अगदी कडेला, चाकं सरळ, मागच्या चाकाला दगड लावलेला. सरकारी ड्रायव्हरनं लावावी तशी.

दारात सत्तरीची एक आजी उभी होती. तिकडे म्हातारीला 'आमा' म्हणतात. सकाळी ती जोमसोमला सुकवलेल्या सफरचंदांचं पोतं घेऊन रस्त्यावर उभी होती, तिनं हात केला आणि मधुकररावांनी गाडी थांबवली. मोडक्या हिंदीत तिनं मला सांगितलं, "गाडी बहुत राम्रो, बहुत अच्छा चलाता है. लेकिन मेरे को पूछा, माताजी, कहाँ उतरना है. मैं बोली, टुकुचे. फिर पूछा. फिर पूछा. पाँच बार पूछा तो मैं समझ गई." मग तिनं आपलं घर आल्यावर पोतं आत आणून द्यायला सांगितलं, त्यांना बसवलं, खायला दिलं, आणि त्यांनी पाटावर ठेवलेली किल्ली उचलून पिठाच्या डब्यात टाकली. दोनदा उठले, तर दोनदा आणखी एक भाकर वाढली.

मी आत गेले. ते चुलीशेजारी उन्हाच्या पट्ट्यात मांडी घालून बसले होते, कुट्टू नावाच्या तिकडच्या धान्याची भाकर खात होते. चेहरा शांत होता. मला पाहून जरा सरकून बसले, जागा करून दिली.

"बसा बाई," म्हणाले. "तुम्हाले कुठी जाचं आहे?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी त्यांच्या अगदी समोर बसले, चेहऱ्यावर ऊन येईल अशी. ते वाट पाहत होते, आदबीनं, एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं थोडं बाजूला पाहत.

"पांढरकवड्याले," मी म्हणाले.

"लांब आहे. पण सोडतो तुम्हाले. मायंच गाव आहे ते."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"बायको आहे. मास्तरीण आहे ते." भाकरीचा तुकडा मोडता मोडता ते थांबले. "वाट पाह्यत असन. मी सांगून नाही निघालो तिले."

आमानं माझ्या हातात चहाचा पेला दिला, तिकडचा, मीठ आणि लोणी घातलेला. तो मी प्यायले की नाही आठवत नाही. पाव तास गेला असेल. बाहेर खेचरांचा तांडा घंटा वाजवत गेला, मधुकरराव दारातून ते पाहत होते, आणि मग माझ्याकडे वळून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वंदना, तू रडून काहून राह्यली?"

मुक्तिनाथ कागबेनीहून तासाभराच्या वाटेवर होतं. दिदीच्या भावानं पुन्हा वर जाऊन आमचं सामान टुकुचेला आणून दिलं आणि विचारलं, दर्शन करून जाणार का. मी नाही म्हणाले. आमानं निघताना माझ्या पदरात सुकवलेली सफरचंदं बांधली, किल्ली पिठातून काढून पुसली, आणि ती त्यांच्यासमोर न देता, मागच्या दारी बोलावून माझ्या हातात दिली.

परत

उतारावर मी पहिल्या गिअरमध्ये चालले. बेनीच्या अलीकडे कुठेतरी माझं रडं पुन्हा सुरू झालं, ते थांबेना.

"डोळे पूस," मधुकरराव म्हणाले. "समोरून ट्रक येऊन राह्यला."

मी डोळे पुसले, ट्रकला जागा दिली. पुढचे पाच दिवस आम्ही पोखरा, सुनौली, गोरखपूर करत घरी आलो. वाटेत ते चांगले होते. रीवाला त्यांनी कडेला चाक न उतरवता ट्रकच्या मागे कसं राहायचं ते मला नव्यानं शिकवलं.

शीतल पहिल्याच रविवारी आली. मी तिच्यापासून काही लपवलं नाही, पोखऱ्यातला कागदही नाही. ती चिडेल असं वाटलं होतं. ती माझ्याजवळ येऊन नुसती बसली. मग आम्ही ठरवलं की गाडी अंगणात ठेवायची नाही, ती नागपूरला घेऊन जाईल. गाडी कुठी गेली असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, तेही आम्ही दोघींनी ठरवून ठेवलं: इंजिनाचं काम काढलंय, महिना लागेल.

ती निघाली तेव्हा मधुकरराव ओट्यावर बसले होते. तिनं खाली वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. गाडी मागे घेताना तिनं आरशात पाहिलं, फाटकाला न घासता बाहेर काढली, आणि हैदराबादच्या रस्त्याला लागून नागपूरच्या दिशेनं वळवली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते पाहत होते. मी शेजारी उभी राहिले, ठरवलेलं उत्तर तोंडात घेऊन.

त्यांनी गाडीचं काही विचारलं नाही.

"चांगली चालवते पोट्टी," म्हणाले. "कोणाची आहे?"

"आपलीच आहे," मी म्हणाले, आणि त्यांच्याजवळ खाली बसले.